जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर हाती आलाय? थांबा, प्लग लावू नका

माझा पहिला व्हॉल्व्ह अँप्लिफायर (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॅक्युम ट्यूबवर चालणारा) मी स्वतःच्या हाताने मारला. माळ्यावरून काढला, धूळ पुसली आणि 'चालतो का बघू' म्हणून थेट प्लगमध्ये घातला. चालला की! गाणंही वाजलं. एका व्हॉल्व्हच्या आतली प्लेट (करंट गोळा करणारा धातूचा पत्रा) हळूहळू लालबुंद होत गेली आणि मी दिवे मालवून ते कौतुकाने बघत बसलो. वाटलं, व्हॉल्व्ह म्हणजे असाच तापत असणार. दहा मिनिटांनी जळका वास आला, तोवर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं वायंडिंग गेलं होतं. दोष होता एका छोट्या कपॅसिटरचा. तो बदलायला अर्धा तास पुरला असता.

त्यानंतर बरेच अँप्लिफायर दुरुस्त केले. त्यावरून सांगतो, या छंदातलं बहुतेक काम प्लग काढलेला असतानाच होतं. खालच्या पायऱ्या नव्या माणसासाठी आहेत. सोल्डरिंग जमतं, मल्टीमीटर वापरता येतो, पण व्हॉल्व्हच्या वाटेला कधी गेलो नाही, अशांसाठी.

१. आधी जीव सांभाळा

ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरवर काम केलेल्यांना सवय असते तीस-चाळीस व्होल्टची. इथे चेसिसखाली (सगळे भाग ज्यावर बसवलेत त्या पत्र्याच्या सांगाड्याखाली) ३०० ते ५०० व्होल्ट डीसी खेळत असतो. शिवाय प्लग काढल्यावरही तो डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहतो, कधी काही मिनिटं, कधी त्याहून बराच जास्त वेळ. म्हणून पहिलं हत्यार स्वतः बनवा: १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर, त्याच्या दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनची वायर आणि क्रॉकोडाइल क्लिप. प्लग काढा, एक क्लिप चेसिसला लावा, दुसरी एका हाताने फिल्टर कपॅसिटरच्या पॉझिटिव्ह टोकाला. ४० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यातून साधारण दोन सेकंदांत रिकामा होतो. मग मीटरने खात्री करा. अशी प्रत्येक कपॅसिटरची.

रिकामा केलेला कपॅसिटर काही वेळाने पुन्हा थोडा भरलेला सापडतो. भुताटकी नाही, आतल्या डायइलेक्ट्रिकचा तो गुणधर्मच आहे. म्हणून काम संपेपर्यंत ती क्लिप काढूच नका. फक्त प्लग लावण्याआधी ती आठवणीने काढायची असते. मी तिला लाल फडक्याची चिंधी बांधली आहे, विसरायला होत नाही.

स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून कपॅसिटर रिकामा करणारे उस्ताद तुम्हाला भेटतील. ठिणगी पाहून तेवढीच मजा येते, पण त्यात कपॅसिटरलाही इजा होते आणि दचकून हात भलतीकडे जातो.

चालू यंत्रात मोजमाप करायचंच असेल तर दुसरा हात खिशात. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा. झोप आली असेल तर काम बंद. आणि घरात कुणीतरी जागं असू द्या.

२. पहिला अँप्लिफायर कोणता घ्यावा

रेझिस्टर, कपॅसिटर, सॉकेट, व्हॉल्व्ह हे सगळं मिळतं. ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, किंवा मिळाला तर बाकी सगळ्यापेक्षा महाग पडतो. तेव्हा घेताना ट्रान्सफॉर्मर विकत घेतोय असं समजा, बाकीचं सोबत आलं. ट्रान्सफॉर्मरमधून काळं डांबर वितळून बाहेर आलेलं असेल, झाकणाशी जळका वास येत असेल, तर कितीही देखणा असला तरी नमस्कार करून परत फिरा.

सुरुवातीला ईएल८४ सारख्या लहान आउटपुट व्हॉल्व्हचा, कॅथोड बायसचा अँप्लिफायर घ्या. बायस म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हने किती करंट ओढायचा ते ठरवणारं व्होल्टेज. कॅथोड (तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) याच्याखालच्या रेझिस्टरने ते आपोआप ठरलं तर कॅथोड बायस, वेगळ्या सप्लायमधून आलं तर फिक्स्ड बायस. लीकचा स्टीरिओ २० हे त्याचं चांगलं उदाहरण. व्होल्टेज आटोक्यात, बायस जुळवण्याची भानगड नाही. क्वाड टू किंवा डायनॅको एसटी-७० सारखे मोठे नंतर.

एक प्रकार मात्र अजिबात नको: ज्यात मेन्सचा (घरच्या विजेचा) ट्रान्सफॉर्मरच नाही आणि सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) एकामागोमाग सीरीजमध्ये जोडून थेट मेन्सवर चालवलेत. जुने स्वस्त रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर असे असत. त्यांची चेसिस स्वतःच फेजला जोडलेली असू शकते. पहिल्या वर्षी त्यांना हात लावू नका.

३. कागद आणि साधनं

सर्किट डायग्राम मिळवल्याशिवाय स्क्रू उघडू नका. त्यावर ठिकठिकाणी व्होल्टेज लिहिलेले असले तर दुधात साखर. प्रत्येक व्हॉल्व्हची डेटा शीटही हवी, निदान पिनची मांडणी आणि कमाल मर्यादा सांगणारी पानं. आजच्या विजेचं व्होल्टेज आणि ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं व्होल्टेज जुळतं का, हेही आत्ताच पाहा. मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो कुठे लावलाय ते बघा. ११७ व्होल्टसाठी बांधलेला अँप्लिफायर २३० वर लावणारे महाभाग आहेत.

साधनांमध्ये:

- ६०० व्होल्ट किंवा अधिक डीसी मोजणारा चांगला मल्टीमीटर, आणि त्याला अडकवून ठेवता येतील अशा क्लिप
- ४० ते ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न. चेसिसवरचे जाड जोड उकलायला याहून मोठं लागतं
- शिसं असलेली सोल्डर वायर, सोल्डर पंप, टोकदार पक्कड, कटर
- सिरीज बोर्ड (पुढे सांगतो)
- ८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर, स्पीकरऐवजी जोडायला. स्टीरिओ असेल तर दोन
- कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, फोन

फोन फोटोंसाठी. काहीही तोडण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे वीसेक फोटो काढा, तिरके, जवळून, वायरचे रंग दिसतील असे. 'मला आठवेल' यावर विश्वास ठेवू नका.

४. सफाई

थोडक्यात आटपू. कोरडा ब्रश, मग व्हॅक्युम. व्हॉल्व्ह काढण्याआधी कोणता कुठे होता ते लिहा. व्हॉल्व्हवरची जुनी छपाई ओल्या फडक्याने क्षणात पुसली जाते, आणि मग ईसीसी८३ कोणता नि ईसीसी८१ कोणता ते काचेवरून ओळखता येत नाही. अक्षरांना हात लावू नका.

चेसिस गंजलेली दिसली तरी सँडपेपर किंवा तारेचा ब्रश मारू नका. त्या काळच्या बऱ्याच चेसिसवर कॅडमियमचा मुलामा असे, त्याची पूड विषारी. ओलसर फडक्याने पुसा, एवढंच. तेल भरलेले जुने पत्र्याचे कपॅसिटर गळत असतील तर हातमोजे घाला आणि ते घातक कचऱ्यात द्या. त्यातलं तेलही बहुधा घातकच असतं.

५. प्लगशिवाय तपासणी

पॉवर ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी काही ओहमपासून काही दहा ओहमपर्यंत असतं. हाय व्होल्टेज सेकंडरीचे मधल्या टॅपपासूनचे दोन अर्धे भाग जवळपास सारखे हवेत, हीटरचं वायंडिंग एका ओहमच्या आत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे दोन अर्धे भाग थोडे कमीजास्त असतात, कारण बाहेरच्या थराला तार जास्त लागते. तेवढ्याने घाबरू नका. एक भाग अजिबातच दाखवत नसेल तर मात्र तार तुटली.

आता रेझिस्टर. जुने कार्बन कंपोझिशन रेझिस्टर उष्णतेने आणि वयाने सहसा वर सरकतात. इथे एक युक्ती फार उपयोगी पडते. सर्किटमध्ये असताना रेझिस्टर मोजला तर शेजारच्या वाटांमुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, जास्त येत नाही. म्हणजे १०० किलोओहमचा रेझिस्टर जागेवरच १३० दाखवत असेल तर तो नक्की बिघडलाय, एक टोक सोडवून पाहायची गरजच नाही. कमी दाखवला तरच सोडवून मोजायचा. अट एकच: कपॅसिटर पूर्ण रिकामे हवेत.

मूळ रेझिस्टर नवे असतानाच १० किंवा २० टक्के कमीजास्त चालणारे असत, त्यामुळे थोडा फरक खपतो. जे हद्दीत आहेत ते राहू द्या. सगळेच रेझिस्टर उपटून नवे लावणारे लोक मला समजत नाहीत. प्रत्येक बदललेला जोड ही नवी चूक करण्याची संधी असते.

६. काय बदलायचंच

*कपलिंग कपॅसिटर.* माझा पहिला अँप्लिफायर यानेच घेतला. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर दोन-अडीचशे व्होल्ट असतात, पुढच्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट कमीजास्त करणाऱ्या जाळीवर) ते जायला नको असतात, फक्त सिग्नल जावा. मध्ये हा उभा असतो. जुना कागदाचा, मेण किंवा डांबर लावलेला कपॅसिटर दमट होऊन झिरपायला लागतो, ग्रिड पॉझिटिव्हकडे सरकते, व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो आणि प्लेट लाल होते. कागदाचे असतील तर तपासत बसू नका, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन लावा. मायक्रोफॅरडचा आकडा मूळचाच ठेवा. 'मोठा लावला तर बास वाढेल' म्हणून ०.१ च्या जागी ०.४७ मायक्रोफॅरड लावलात, तर निगेटिव्ह फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देण्याचा) तोल बिघडून अँप्लिफायर बोटीच्या इंजिनासारखा फट-फट करायला लागतो. सिल्व्हर मायकाचे लहान कपॅसिटर बहुधा ठणठणीत असतात, त्यांना त्रास देऊ नका.

*फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक.* पन्नास-साठ वर्षांनी ते वाळलेले असतात. देखण्या ॲल्युमिनियमच्या डब्यात तीन-चार एकत्र असतील तर डबा शोभेला वर राहू द्या, त्याच्या वायर मात्र पूर्ण सोडवा आणि नवे कपॅसिटर चेसिसखाली टॅग स्ट्रिपवर (सोल्डरचे जोड करायच्या पट्टीवर) बसवा. जुन्याला समांतर नवा जोडणं हा आळशीपणा आहे, उद्या जुना शॉर्ट झाला की दोन्ही गेले.

इथे दोन सापळे. पहिला, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हच्या लगेच नंतरचा कपॅसिटर हवा तेवढा मोठा लावता येत नाही. जीझेड३४ साठी कमाल ६० मायक्रोफॅरड, ईझेड८१ साठी ५०. त्याहून मोठा लावला की सुरू होताना व्हॉल्व्हमध्ये ठिणगी उडते. दुसरा, व्होल्ट रेटिंग. ट्रान्सफॉर्मर ३५०-०-३५० चा (मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना ३५० व्होल्टचा) असेल तर आउटपुट व्हॉल्व्ह गरम होण्याआधी कपॅसिटरवर ३५० गुणिले १.४१, म्हणजे ४९० च्या वर व्होल्ट चढू शकतात. ४५० व्होल्टचा कपॅसिटर तिथे मरणार. रेक्टिफायर व्हॉल्व्हऐवजी सिलिकॉन डायोड लावले तर हे रोज घडेल, कारण डायोड तापायची वाट पाहत नाहीत.

*कॅथोडचे लहान इलेक्ट्रोलिटिक.* बदला, पुढे चला.

*बायस सप्लाय.* फिक्स्ड बायसच्या अँप्लिफायरमध्ये निगेटिव्ह व्होल्टेजचा छोटा सप्लाय असतो. तिथे कपॅसिटरचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला जातं. हाताच्या सवयीने उलटा बसवणारे तुम्ही पहिले नसाल. तिथे जुना सेलेनियम रेक्टिफायर असला तर काढा, तो जळला की निघणारा धूर विषारी असतो. सिलिकॉन डायोडमध्ये व्होल्ट कमी पडतो, म्हणून बायस आधीपेक्षा थोडा जास्त निगेटिव्ह येईल. गरजेप्रमाणे सीरीजमध्ये रेझिस्टर टाकून तो जुळवा.

*मेन्सची वायर.* दोन तारांची जुनी वायर काढून तीन तारांची लावा. अर्थिंगची तार चेसिसला स्वतंत्र बोल्टने, स्टार वॉशर घालून, घट्ट. फ्यूज फेजमध्ये, स्लो-ब्लो, मूळ रेटिंगचा. फेजपासून चेसिसला जोडलेला जुना कपॅसिटर दिसला तर कापून टाका. तो शॉर्ट झाला की चेसिसला हात लावणाऱ्याचं काही खरं नाही.

एका वेळी एकच भाग काढा, त्याच्या जागी नवा लावा, डायग्रामवर खूण करा, मग दुसरा. सगळं आधी तोडून ठेवणाऱ्यांचे अर्धवट अँप्लिफायर मी बरेच पाहिलेत, दुरुस्तीला माझ्याकडेच येतात.

७. सिरीज बोर्डवर पहिला प्रकाश

इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड करा: एका होल्डरमध्ये ६० किंवा १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब, तो फेजच्या वायरमध्ये सीरीजमध्ये, पुढे सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही. आत शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्ब खातो, तो लख्ख पेटतो आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचतो.

आधी सगळे व्हॉल्व्ह काढून प्लग लावा. बल्ब जवळपास विझलेलाच राहायला हवा. लख्ख पेटला तर ट्रान्सफॉर्मरचे वेढे आतल्या आत शॉर्ट असतील, हा दोष ओहम मीटरवर दिसत नाही. बल्ब शांत असेल तर हीटरचं एसी व्होल्टेज मोजा. भार नसताना ६.३ ऐवजी सातच्या आसपास आलं तरी ठीक.

मग प्लग काढा, व्हॉल्व्ह लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलला तो ८ ओहमचा रेझिस्टर जोडा. भाराशिवाय व्हॉल्व्ह अँप्लिफायर चालू करू नये. ट्रान्झिस्टरवाल्यांना हे उलटं वाटतं, पण इथे स्पीकर सुटला असताना सिग्नल आला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं.

पुन्हा प्लग. बल्ब आधी उजळेल, मग मंद होईल, आणि व्हॉल्व्ह तापले की किंचित वाढेल. उजळलेलाच राहिला तर बंद करा आणि शोधा.

व्हेरिअकने (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही: हीटर पुरेसा तापेपर्यंत तो काहीच पुढे जाऊ देत नाही. शिवाय व्हेरिअक तुम्हाला मेन्सपासून वेगळं करत नाही, शॉक तेवढाच बसतो.

८. व्होल्टेज आणि बायस

बल्ब काढून थेट मेन्सवर आल्यावर आधी हीटर मोजा: ६.३ च्या दहा टक्के आत, म्हणजे ५.७ ते ६.९. जास्त असेल तर मेन्सचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरला झेपत नाहीये आणि बाकी सगळंच चढलेलं असणार. मीटरच्या क्लिप नेहमी बंद असताना, कपॅसिटर रिकामे करून लावा, मग चालू करून दुरून आकडा वाचा.

कपलिंग कपॅसिटर कागदाचे नव्हते म्हणून ठेवले असतील तर त्यांची परीक्षा आता. आउटपुट व्हॉल्व्ह काढा, चालू करा, त्याच्या ग्रिडच्या पिनवर डीसी मोजा. कॅथोड बायस असेल तर शून्य हवं. ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहम असताना तिथे एक व्होल्ट दिसला, तरी कपॅसिटरमधून साधारण दोन मायक्रोअँपिअर झिरपतायत. तो बदला.

फिक्स्ड बायसचं गणित सोपं आहे. ईएल३४ या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट कमाल २५ वॅट सोसते. पुश-पुलमध्ये (दोन आउटपुट व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढतात तिथे) त्याच्या सत्तर टक्क्यांवर थांबावं, म्हणजे १७.५ वॅट. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४००, सुमारे ४४ मिलिअँपिअर. प्रत्येक कॅथोडखाली १० ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर ०.४४ व्होल्ट दिसायला हवेत. यात स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) करंटही मिसळलेला असतो, म्हणून प्लेटवर प्रत्यक्षात थोडं कमीच पडतं. चूक झालीच तर या बाजूला झालेली बरी.

डायनॅको एसटी-७० मध्ये दोन ईएल३४ ना मिळून १५.६ ओहमचा एकच रेझिस्टर आहे, आणि त्यावर १.५६ व्होल्ट करायला सांगतात. म्हणजे दोघांत १०० मिलिअँपिअर. पण एक ३० ओढतोय आणि दुसरा ७०, हे त्यात दिसतच नाही. व्हॉल्व्ह जुळलेले नसतील तर आकडा अचूक येऊनही एक व्हॉल्व्ह लवकर मरतो. कॅथोड बायसमध्येही हीच मेख असू शकते: क्वाड टू मध्ये दोन्ही केटी६६ व्हॉल्व्हच्या वाट्याला १८० ओहमचा एकच रेझिस्टर येतो. तो आधी मोजा, मग व्हॉल्व्हना दोष द्या.

आता दिवे मालवा. नारिंगी हीटर दिसणारच. काचेच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर झाक असली तरी चांगली. भागांच्या मधल्या पोकळीत जांभळी-गुलाबी धुंदी असेल तर आत वायू शिरलाय. वरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर हवाच शिरली, फेकून द्या. आणि करड्या प्लेटवर लाल ठिपका दिसला तर माझ्यासारखं बघत बसू नका.

९. घूं आवाज आला तर

आधी आवाज ओळखा. मेन्सची वारंवारता ५० असेल तर १०० हर्ट्झचा जरा करकरीत आवाज म्हणजे फिल्टर कमी पडतोय किंवा आउटपुटचे दोन व्हॉल्व्ह असमान आहेत. ५० चा खोल घुमारा म्हणजे हीटरची वायर, इनपुटचं शील्ड किंवा एखादा व्हॉल्व्ह. स्टीरिओ असेल तर अँप्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या चॅनेलच्या व्हॉल्व्हची अदलाबदल करा: आवाज व्हॉल्व्हबरोबर गेला तर व्हॉल्व्ह, तिथेच राहिला तर सर्किट. अर्थिंगमुळे घूं येतोय असं वाटलं तरी अर्थिंगची तार तोडायची नाही. इनपुटच्या वायरची ग्राउंडची वाट शोधा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर अँप्लिफायर सुरू होताच किंचाळला, तर फीडबॅक उलटा लागलाय. प्रायमरीच्या दोन प्लेटकडच्या तारा एकमेकींत बदला. अल्ट्रालिनिअर असेल (स्क्रीनही आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टॅपला जोडलेले) तर स्क्रीनच्याही.

शेवटी रेझिस्टरच्या भारावर, मंद सिग्नल देऊन दोन तास चालवा. ट्रान्सफॉर्मरला हात लावून ठेवता यायला हवा. मग स्पीकर, तोही पहिल्या दिवशी साधा, जुना, गेला तर वाईट वाटणार नाही असा.

एका अँप्लिफायरच्या तळाच्या पत्र्याच्या आत मला आधीच्या कुणा कारागिराने पेन्सिलने लिहिलेले व्होल्टेज सापडले होते. माझं अर्ध्या दिवसाचं काम त्याने वाचवलं. तेव्हापासून मीही तिथे कागद चिकटवतो: तारीख, काय बदललं, बी प्लस (मुख्य डीसी व्होल्टेज) किती, प्रत्येक कॅथोडवर किती, मेन्स तेव्हा किती होतं. पेन्सिलनेच लिहा. शाई उष्णतेने उडते.